जावयाची पेटी

११ जानेवारी

मंजुरी आली. सकाळी विभागात पोचलो तर शिपायानं आधी पेढे मागितले आणि मग पत्र हातात दिलं. म्हणजे माझ्या आधी बातमी अख्ख्या इमारतीला कळली होती.

विद्यापीठाची अट मोठी गमतीची आहे. विज्ञान, अभियांत्रिकी आणि अर्थशास्त्र, तिन्हीकडची माणसं एकाच प्रकल्पात हवीत. एरवी ही माणसं एकमेकांना फक्त निवडणुकीच्या वेळी ओळखतात. आमचं मात्र कँटीनच्या बाकावर जमलं. रसायनशास्त्राचे शिवकुमार सर हळदीचा कस तपासणार. अभियांत्रिकीची दामिनी, उदगीरची, कंत्राटावर आहे पण डोकं तल्लख, ती उन्हावर चालणारी वाळवणीची पेटी बांधणार. आणि मी, अंगद, अर्थशास्त्राचा, त्या पेटीनं बायकांच्या कष्टात आणि कमाईत काय फरक पडतो ते तपासणार. उकडलेली हळद पंधरवडाभर जमिनीवर पसरून ठेवायची, धूळ खायची, एखादा अवकाळी शिडकावा आला की धावत गोळा करायची, हे सगळं पेटीनं वाचेल असा आमचा दावा.

गाव मीच सुचवलं. पारडवाडी, मुदखेडपासून जवळ, माझी सासुरवाडी. दामिनीनं विचारलं, हेच गाव का? म्हटलं, तिथं मला कोणी नाही म्हणणार नाही.

घरी येऊन सत्यशीलेला सांगितलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "दुसरं गाव बघा ना." का म्हणून विचारलं तर म्हणे, तिथं तुम्ही जावई आहात. मी म्हटलं, अगं तोच तर फायदा. ती मेथी घेऊन आत गेली. माहेरी नवऱ्याचं काम निघालं की बायका खूश होतात असा माझा समज होता. असो. पेढे मात्र तिनं खाल्ले नाहीत.

२५ जानेवारी

तिघंही पारडवाडीला जाऊन आलो. पाय धुवायला गरम पाणी, खुर्चीवर नवी चादर, टॉवेल-टोपी, सगळं यथासांग. शिवकुमार सर गाडीत म्हणाले, तुमच्यासोबत फिरायचं म्हणजे मंत्र्यासोबत फिरल्यासारखं आहे. मी वरवर हसण्यावारी नेलं, पण आतून बरं वाटलं हे इथं लिहायला हरकत नाही.

सासूबाईंचा चहा झाला. त्यांना मी मामी म्हणतो, रुक्मिणबाई हे नाव गावासाठी. त्यांचा चहा म्हणजे गुलाबजामचा पाक. लग्न झाल्यापासून पितोय, एकदाही तोंड वाकडं केलं नाही. त्या माझ्यासाठी मुद्दाम दोन चमचे जास्त टाकतात, सांगायचं कसं?

मामींच्या बचत गटातल्या बायकांनी मिळून गावाच्या कडेला एक तुकडा खंडानं घेऊन हळद लावली आहे. घरच्या शेताचा पैसा पुरुषांच्या हातात जातो, ही हळद मात्र बायकांच्या नावावर विकली जाते. सरजाबाई म्हणून एक आहेत, त्यांच्या मुलीला लातूरला नर्सिंगला जायचं आहे, ते या हळदीवर. मी सांगितलं, अर्धी हळद पेटीत घाला आणि अर्धी नेहमीसारखी उन्हात वाळवा. दामिनीचीही तीच अट होती, नाहीतर तुलना कशाशी करणार? पण सासरे, किशनमामा, म्हणाले, जावयाचं काम अर्धं करायचं नसतं. सगळ्या बायकांनी माना डोलावल्या आणि सगळी हळद पेटीत द्यायला कबूल झाल्या. मामींची तेवढी उन्हात राहणार, कारण त्यांनी स्वतःची जागा बाकीच्यांना देऊन टाकली. किती मोठं मन!

येताना दामिनीनं गाडीत वही उघडली. मग म्हणाली, तुलनेचं काय करायचं सर? म्हटलं, मागच्या वर्षी काय झालं ते आपण बायकांना विचारू, त्या सांगतील. वर्गात मी मुलांना नेमकं हेच करू नका म्हणून शिकवतो. पण पुस्तकातलं गाव वेगळं आणि एवढ्या विश्वासानं सगळं पीक पुढं करणारं गाव वेगळं.

१९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुटी साधून पेटीचं उद्घाटन केलं. दामिनीनं काच, पत्रा आणि पंखा जोडून बांधलेली ती पेटी देवळामागच्या मोकळ्या जागेत उभी राहिली तेव्हा अख्खं गाव जमलं. मामींनी पेटीला हळदकुंकू लावलं, नारळ फुटला, मला शाल मिळाली. दामिनीलाही द्यायची होती, पण शाल एकच आणलेली होती.

गावानं पेटीला नाव दिलंय, 'जावयाची पेटी'. लहान पोरंसुद्धा तसंच म्हणतात. कितीतरी प्रकल्प पाहिले, यंत्राला गावानं नात्याचं नाव दिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. निबंधात हे घालायला हवं, लोकांनी तंत्रज्ञान आपलंसं केल्याचा याहून चांगला पुरावा कुठला?

दामिनी मात्र पंख्यापाशी वाकून बसली होती. हवा कमी खेळतेय, मागून अजून एक खिडकी कापावी लागेल म्हणत होती. किशनमामा म्हणाले, जावईबापूंनी केलंय म्हणजे बरोबरच असंल. मीही म्हटलं, उद्घाटनाच्या दिवशी पेटी कापायला नको, बरं दिसत नाही. पुढच्या खेपेला बघू.

६ मार्च

दामिनी विभागात आली. पेटीत तिनं ओलावा मोजायचा सेन्सर बसवलाय, त्याचे आकडे तिच्या मोबाइलवर येतात. तिचं म्हणणं, ओलावा उतरायलाच तयार नाही. वरून कातडी तापून कडक झाली असेल आणि आतलं पाणी आतच अडकलं असेल. ताबडतोब जाऊन हळकुंड मोडून बघायला पाहिजे.

मी तिच्यासमोरच किशनमामांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "एक नंबर काम हाय जावईबापू. बाया लई खूश हायेत." झालं समाधान? दामिनीला म्हटलं, सेन्सर स्वस्तातला आहे, बिघडला असेल. माणसं जे सांगतात तेही मोजमापच असतं, आमच्या शास्त्रात तरी असतं.

ती म्हणाली, "सर, सेन्सरला सासुरवाडी नसते."

मला राग आला. पोरगी हुशार आहे, पण कुठं काय बोलावं कळत नाही. कंत्राट जूनमध्ये संपतंय, नूतनीकरणाच्या अर्जावर माझीच शिफारस लागणार आहे, तरी असं बोलते. पुढच्या आठवड्यात मुलाखतींना मी एकटाच जाणार. तिला म्हटलं, तू तुझा अहवाल लिहायला घे.

१५ मार्च

मुलाखती आटोपल्या. अशा मुलाखती आयुष्यात घेतल्या नव्हत्या. लिंबाखाली बाजेवर मला बसवलं, बायका समोर डोक्यावर पदर घेऊन बसल्या, मामी माझ्यामागं पंखा घेऊन. कष्ट कमी झाले का? झाले. वेळ वाचला का? वाचला. हळद कशी आहे? चांगली हाय दाजी. पुन्हा वापराल का? हाव, वापरू की. एरवी लोक उत्तर द्यायला वेळ लावतात, कुरकुर करतात, भलतंच काही सांगत बसतात. इथं प्रश्न संपायच्या आत उत्तर तयार.

काही अडचण आली का, असं विचारल्यावर सगळ्या एकदम मामींकडं बघायला लागल्या. सरजाबाई तेवढ्या म्हणाल्या, "वास येतो जरा." शेजारची बाई लगेच खोकली आणि म्हणाली, हळदीचा वास तर यायचाच की. सरजाबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, हाव, तोच. मी लिहून घेतलं, सुगंध टिकून राहतो.

पेटी उघडून बघणार होतो. पण मामा म्हणाले, आत्ता झाकण काढलं तर उष्णता जाईल, तुम्हीच तर सांगितलं होतं. तेही खरं. शिवकुमार सरांच्या तपासणीसाठी नमुने हवे होते, ते मामींनी मी जेवत असताना पिशव्या भरून, नावाच्या चिठ्ठ्या लावून तयार ठेवले. एकेक हळकुंड असं की निवडून काढल्यासारखं. पिवळंधमक, मोडलं की खट्ट आवाज. मी एक गाडीतच मोडून पाहिलं आणि दामिनीची आठवण येऊन हसू आलं.

निघताना मामी दारात उभ्या होत्या. थकल्यासारख्या वाटल्या. म्हणाल्या, "पुढच्या वर्षी बी पेटी इथंच ऱ्हाणार का?" म्हटलं, राहणार म्हणजे काय, अजून मोठी आणणार. त्यांनी मान हलवली आणि डोळ्याला पदर लावला. एवढ्याशा गोष्टीचं केवढं अप्रूप.

२ एप्रिल

शिवकुमार सरांचा निकाल आला. कस उत्तम, ओलावा जेवढा हवा तेवढाच. सर सावध माणूस, विचारलं, पिशव्या तुम्ही स्वतः पेटीतून भरल्यात ना? हो म्हणालो. घरच्यांनी भरल्या म्हणजे मीच भरल्यासारखं. ते म्हणाले, मग ठीक, मी आपलं माझ्या टेबलावर आलेलं तपासतो. दामिनीला निकाल पाठवला, उत्तर आलं नाही.

जाता जाता एक घरगुती गोष्ट. आज वरणाला रंगच नव्हता. बघतो तर सत्यशीलेनं दुकानातून हळदीचं पाकीट आणलेलं. आमच्या घरात लग्नापासून पारडवाडीची हळद येते, आणि यंदा ऐन हंगामात पाकीट! विचारलं तर म्हणाली, माहेरची संपली. संपली कशी, नवीन तर आत्ता निघाली असेल, मामींना फोन कर. तर एकदम म्हणाली, "मागू नका. आईला काही मागू नका यंदा."

भावजयीशी काहीतरी बिनसलेलं दिसतंय. बायकांच्या भानगडीत आपण पडू नये.

१८ एप्रिल

आजचा दिवस मोठा. सभागृहात सादरीकरण झालं. कुलगुरू पहिल्या रांगेत. तीन ज्ञानशाखा एका हळकुंडात कशा भेटतात या माझ्या वाक्यावर टाळ्या पडल्या. 'जावयाची पेटी' म्हटल्यावर सभागृह हसलं. शाल, श्रीफळ, फोटो. पुढच्या हंगामात दहा गावांत पेट्या द्यायच्या असं कुलगुरूंनी व्यासपीठावरूनच जाहीर करून टाकलं.

दामिनी मागच्या रांगेत बसली होती. व्यासपीठावर बोलावलं तरी आली नाही. नंतर जिन्यात गाठून म्हणाली, सर, दहा गावांत जाण्याआधी मला एक हळकुंड मोडून बघू द्या, स्वतःच्या हातानं. ते होत नाही तोवर अहवालावरून माझं नाव काढा. मी म्हटलं, पेटी तुझी आणि नाव काढू? ती म्हणाली, पेटी माझी आहे म्हणूनच.

शाल गळ्यात तशीच होती, फार उकडत होतं. शेवटी मी म्हटलं, बरं, काढतो. आणि घरी येऊन खरंच काढलं. लिहिताना आता वाटतंय, मी एवढा तोरा दाखवायला नको होता. सकाळी बघू.

२२ मे

सकाळी कसलं बघतोय, महिना गेला.

आज दामिनी न सांगता विभागात आली. टेबलावर रुमाल सोडला, त्यात हळकुंडं. वरून बरी दिसत होती. एक उचलून माझ्यापुढं धरलं आणि मोडलं. आवाजच आला नाही. ओल्या काटकीसारखं वाकलं, मग फाटलं. आत काळं. आणि वास आला, कुबट, पावसाळ्यात बंद राहिलेल्या खोलीचा.

मुदखेडच्या बाजारात रेवणसिद्ध नावाचे हळदीचे आडते तिच्या मामाच्या ओळखीचे. त्यांच्याकडं ती पारडवाडीच्या बायकांची हळद विचारायला गेली होती. ते म्हणाले, कोणती, ती काळ्या पोटाची? कोपऱ्यात टाकलेला ढीग दाखवला. कोणी घ्यायला तयार नाही. बायकांनी जे मिळेल ते घेऊन ती तिथं टाकली आणि वर त्यांना बजावलं, पारडवाडीची म्हणून कुठं बोलू नका.

मी म्हणालो, दुसऱ्या कोणाची असेल. माझ्याकडं तर तपासणीचा निकाल आहे, मुलाखती आहेत. दामिनीनं मोडलेलं हळकुंड परत रुमालात टाकलं. रुमाल तिथंच ठेवून गेली.

घरी येऊन तो रुमाल सत्यशीलेपुढं ठेवला. तिनं उघडूनही पाहिलं नाही. वासानंच ओळखलं. तिला माहीत होतं. मार्चपासून माहीत होतं.

तिनं सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मी ते माझ्या सोयीनं आठवीन. हळद आठवड्यातच घामेजली होती. मामी रोज पेटीपाशी जाऊन बघायच्या. काढून उन्हात टाकू म्हणाल्या तर मामा म्हणाले, जावई अचानक आले आणि पेटी रिकामी दिसली तर काय तोंड दाखवू? मुलाखतीच्या आदल्या दिवशी मामींनी सगळ्या बायकांना घरी बोलावून सांगितलं, पाव्हण्याला वाकडा शब्द नको, त्याच्या नोकरीचा सवाल आहे. माझ्या नमुन्याच्या पिशव्यांत मामींची स्वतःची, उन्हात वाळलेली हळद होती, निवडून घातलेली. आणि मी निघून गेल्यावर मामींनी स्वतःची उरलेली सगळी हळद त्या बायकांत वाटून टाकली. आमच्या जावयामुळं तुमचं नुकसान झालं, पण गावात त्याचं नाव निघू नये म्हणून. म्हणून त्यांच्या घरात डबा रिकामा. म्हणून आमच्याकडं पाकीट.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," सत्यशीला म्हणाली. "दुसरं गाव बघा म्हणून."

"नंतर तरी सांगायचं."

"आईनं शपथ घातली होती. आणि खरं सांगू? तुम्ही इतके खूश होतात. घरात गाणं म्हणत होतात. मला वाटलं, कुठून तरी तुम्हालाच कळेल. तुम्ही शिकलेले."

सरजाबाईंच्या मुलीचं विचारलं. मामींच्या वाट्यातून थोडं मिळालं, पण पुरलं नाही. यंदाचं राहिलं. मुलगी मुदखेडला फुलांच्या गाड्या भरायला जाते.

दुपारी जेवलो नाही. अख्खं पीक पुढं करणाऱ्या गावाला मी मोठ्या मनाचं म्हणत होतो. त्यांना नाही म्हणता येत नव्हतं, एवढंच होतं ते. माणसं काय सांगतात ते मोजण्याचा माझा धंदा, आणि कोणाच्या तोंडून आपण काय काढून घेतोय हे मला कळू नये! लाज वाटते. नुसती लाज नाही, त्या मुलीचं वर्ष परत कसं आणायचं तेच सुचत नाही.

२६ मे

आधी शिवकुमार सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, मी विचारलं होतं तुम्हाला, पण एकदाच विचारलं. मीही तुमच्याबरोबर येतो.

दोघं कुलगुरूंकडं गेलो. दहा गावं थांबवा म्हटलं. त्यांना ते पटायला वेळ लागला. वर्तमानपत्रात फोटो आलाय, आता काय सांगायचं? हंगाम खराब होता म्हणू या का, असंही त्यांनी सुचवून पाहिलं. मी नाही म्हणालो. सरळ नाही म्हणायला तोंड किती जड होतं ते त्या खोलीत कळलं, आणि मला तर घाबरायला सासरा समोर नव्हता.

नवा अहवाल लिहायला घेतलाय. त्यात दामिनीच्या सेन्सरचे आकडे पहिल्या पानावर आणि तिचं नाव माझ्या आधी. तिला फोन करून सांगितलं. माफी मागितली. ती म्हणाली, "ठीक आहे सर. पुढचं गाव मी निवडणार. जिथं तुमचं कोणी नाही, आणि माझंही." कंत्राटाची शिफारस लगेच पाठवली, पण प्रकल्प थांबल्यावर त्या शिफारशीला कितपत वजन राहील देव जाणे. तिनं विचारलं नाही, मीही बोललो नाही.

३१ मे

सरजाबाईंकडं जाऊन आलो. मुलीच्या प्रवेशाचं मी बघतो, पुढच्या वर्षी नक्की, असं सांगायला गेलो होतो. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः उंबऱ्यात बसल्या. मी पेटीचं काढलं तर म्हणाल्या, "कशाला मनाला लावून घेताव दाजी. आमच्याच नशिबाची हळद खराब निघाली. पेटी लई चांगली व्हती."

मी म्हटलं, पेटी चांगली नव्हती, तुम्हाला ठाऊक आहे. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. मुलगी कामावरून आली, मला बघून चपला बाहेरच सोडून मागल्या दारानं आत गेली. प्रवेशाचं त्यांनी ऐकून घेतलं. हाव म्हणाल्या. त्या 'हाव'चा अर्थ आता मला लावता येत नाही. मुलाखतीतही असंच हाव होतं.

७ जून

अधिक महिना चालू आहे. धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं कधीचंच आलं होतं. मी जाणार नव्हतो. सत्यशीला म्हणाली, जावई अधिकात आला नाही तर गाव काय म्हणेल, आईनं तुमचं नाव राखायला केलेलं सगळं पाण्यात जाईल. म्हणून गेलो.

सगळं नेहमीसारखंच. पाय धुवायला पाणी, नवीन चादर, ताटाभोवती रांगोळी, दिवा लावलेली अनारशांची थाळी. मामा एका शब्दानं पेटीबद्दल बोलले नाहीत. देवळामागं जाऊन पाहिलं तर पेटी स्वच्छ पुसून, वर जुनी सतरंजी घालून ठेवलेली. कोणी तिच्यात साधी गोवरीसुद्धा ठेवली नाही. शिव्या दिल्या असत्या, पेटी मोडून पत्रा विकला असता तरी मला बरं वाटलं असतं.

जेवणं झाल्यावर मामा आणि सत्यशीला बाहेर ओट्यावर बसले. मी मुद्दाम चुलीपाशी गेलो. मामी चहा टाकत होत्या. म्हटलं, मामी, मला कळलंय सगळं. तुमची हळद गेली, सरजाबाईंच्या मुलीचं वर्ष गेलं. तुम्ही मला एका शब्दानं सांगितलं असतं तर मी पेटी त्याच दिवशी उघडली असती.

त्या चुलीकडंच बघत म्हणाल्या, "जावयाला कसं सांगावं? तुमी एवढं मनापासून करून राहिले होते."

"माणसासारखं सांगायचं. मी परका आहे का?"

त्यांनी पदराला हात पुसले. साखरेचा डबा उघडून चमचा घातला. मला वाटलं, कुणीतरी सुरुवात केली पाहिजे. मी खरं बोललो तर त्याही बोलतील. म्हणून म्हणालो, "मामी, माझ्या चहात साखर कमी टाका. मला इतका गोड चहा नाही आवडत. कधीच आवडला नाही."

त्यांचा हात डब्यातच थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. मग म्हणाल्या, "मंग इतकी वर्षं का न्हाई सांगितलं?"

मी पाट ओढून घेतला. त्यांनी चमचा तसाच भरलेला परत डब्यात ओतला, झाकण लावलं आणि माझा चहा वेगळा गाळला. मी तिथंच पाटावर बसून प्यालो. आलं फार झालं होतं, आणि साखर तर अजिबातच नव्हती, घशाला चुरचुरत होतं.

मामींनी विचारलं, कसा झालाय? मी म्हटलं, छान झालाय.